काळूरामशेठच्या डब्यातला दसरा

"गुन्हेगार कितीही हुशार असो, तो मागे खूण ठेवतोच." वसई स्टेशनजवळच्या सुमेधा राऊत यांच्या खाजगी तपास कार्यालयाबाहेर हे वाक्य पितळी पाटीवर कोरलेलं होतं. गेल्या महिन्यात ती पाटीच चोरीला गेली. खूण म्हणून भिंतीत चार भोकं राहिली. चोर काही सापडला नाही.

सुधाकरने त्या भोकांवर कॅलेंडर टांगलं. तो सुमेधाचा मावसभाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. घरी बसून कंटाळायचं ते तो इथे बसून कंटाळत असे. कामं यायची ती बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे काही होतं का. उत्तर बहुधा 'हो' असायचं आणि लग्न तरीही व्हायचं.

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये, एका शुक्रवारी सकाळी, नंदाखालचे काळूराम म्हात्रे आले. केळीची वाडी वाडवडिलांची, लग्नाचा हॉल स्वतःचा.

"बाई, माजा अख्खा मे महिना चोरीला गेलाय."

"अख्खा?" सुधाकरने विचारलं. उकाडा बघता त्याला ही बातमी तितकीशी वाईट वाटली नाही.

काळूरामशेठनी खुलासा केला. हॉलची सगळी बुकिंगं कॉम्प्युटरवर. गेल्या शनिवारी कॉम्प्युटर बंद पडला. इंजिनियरने बॅकअपमधून तो परत उभा केला, तर आत दसऱ्यानंतरचं एकही बुकिंग नाही. मे महिन्यात कुठल्या दिवशी कुणाचं लग्न, ते आता फक्त ज्याचं त्यालाच ठाऊक.

"दोन-दोन वराती येतील नि माज्या दारात डोकी फोडतील. चोर कोन ते म्हायती हाय. काउंटरवरची संजना. संध्याकाळी तिला पोलिसांत देनार. पन ते विचारतील, काय गेलं ते सांगा. तेच तर मला सांगता येत नाय."

"मग तिनेच नेलं हे कसं सांगता येतं?" सुमेधाने विचारलं.

"इंजिनियर म्हनला."

सुमेधाने पर्स उचलली. सुधाकरने गुडघे उचलले. त्याला जास्त वेळ लागला.

हॉलच्या मुदपाकखान्यामागे कॉम्प्युटरची खोली होती. टेबलाखाली एक काळा डबा घरघरत होता. त्याच्यावर वाळलेली झेंडूची माळ आणि एका ओळीत तीन कुंकवाचे टिळे.

"एका डब्याला तीन टिळे?" सुधाकर म्हणाला.

"आत तीन मशीन हायत ना!" काळूरामशेठ अभिमानाने म्हणाले. "एक बुकिंगचं, एक हिशोबाचं, एक कॅमेऱ्यांचं. दिसत नाय, पन हायत. व्हर्च्युअल म्हनतात. मंग पूजा एकाचीच कशी करायची? दसऱ्याला तिन्हींची केली. मुहूर्त पन आत साठवून घेतला."

"मुहूर्त साठवला?"

"पूजेच्या घटकेला जसं व्हतं, तसंच्या तसं. आमच्या इंजिनियरकडून, जितेशकडून. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाय, सांगून ठेवलंय."

सुधाकरला हसू आलं. सुमेधाला आलं नाही, म्हणून त्याने ते जांभईत मुरवलं.

पहिला दीपेश आला, शेठचा पुतण्या. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल.

"संजनाला मी स्वतः बघितली, सोपाऱ्याच्या त्या नव्या हॉलमध्ये. मॅनेजरशी हसून बोलत होती."

"शनिवारी काय झालं?"

"मशीन दिवाळीपासून स्लोच होतं. शनिवारी पूर्ण बसलं. स्क्रीनवर आलं, जागा संपली. जितेशला फोन केला. तो आला, म्हणाला जागा करतो. तासाभरात बोलला, डेटा गेलाय आणि हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

"तासाभरात चोर ओळखला?"

"हुशार आहे तो," दीपेश म्हणाला.

मग संजना आली. डोळे सुजलेले, पण जीभ शाबूत.

"मॅडम, माझं स्वतःचं लग्न याच हॉलमध्ये आहे मे महिन्यात. ते बुकिंगही गेलं. मला उडवायचंच असतं तर सासरकडच्या पाहुण्यांचा आकडा उडवला असता. हॉल कशाला उडवू?"

"सोपाऱ्याच्या हॉलमध्ये का गेला होतात?"

"सासूबाईंना दाखवायला. त्यांना तो बघायचाच होता. बघितला, नाकं मुरडली, परत इथलाच पक्का केला. मॅनेजरशी हसले, कारण सासूबाई समोर असताना दुसरं काय करणार?"

"मशीन उघडलं की काय दिसतं?"

"शुभेच्छा. प्रत्येक सणाला मी नवीन लिहिते. दसरा, दिवाळी, नाताळ, संक्रांत. आता पाडव्याची होती." ती थांबली. "शनिवारपासून परत दसऱ्याची दिसतेय. एप्रिलमध्ये. लोक हसतात."

"आणि नोकरी?"

"शेठ आज पोलिसांत जाणार आहेत. चोर म्हणून नाव झालं की नोकरीचं सोडा, लग्नसुद्धा राहायचं नाही. सासूबाईंना निमित्तच हवंय."

शेवटी जितेश. पट्ट्याला पेन ड्राइव्ह लटकवलेला, बोलण्यात इंग्रजी भरपूर.

"बॅकअप रोज रात्री जातो, मॅडम. रोज 'सक्सेसफुल' असा मेल येतो. एक दिवसही फेल नाही. म्हणजे डेटा आधीच कुणीतरी डिलीट केला असणार. पासवर्ड दोघांकडेच. मी आणि संजना."

"कुठला बॅकअप लावलात?"

"शुक्रवार रात्रीचा. लेटेस्ट."

"आता नाताळानंतरचा लावा. संजनाने काही पुसलं असेलच, तर ते हल्ली. जुन्या बॅकअपमध्ये ते असायला हवं."

जितेशने घड्याळ बघितलं. "वेळ लागेल."

"आम्हाला कुठे जायचंय?" सुमेधा म्हणाली.

सुधाकरला जेवायला जायचं होतं.

मशीन उभं राहायला चहाचे तीन कप लागले. उघडलं. *सर्वांना दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा.*

"आता फेब्रुवारीतला."

पुन्हा चहा. पुन्हा दसरा. सुधाकरच्या मनात आलं, नोकरीची तीस वर्षंही अशीच गेली. दिवस नवीन, आतला कागद तोच.

सुमेधाने सगळ्यांना खोलीत बोलावलं. खुर्च्या दोनच, म्हणून शेठ आणि सुधाकर बसले, बाकीचे उभे राहिले.

"चोर शेवटी शिरतो," ती म्हणाली. "सुरुवातीला नाही. संजनाने मार्चमध्ये काही पुसलं असतं, तर फेब्रुवारीच्या बॅकअपमध्ये नाताळ, संक्रांत सगळं सापडलं असतं. इथे तर नाताळानंतरच्या बॅकअपमध्येसुद्धा दिवाळी नाही. म्हणजे कुणी काही काढून नेलंच नाही. ते बॅकअपमध्ये कधी गेलंच नव्हतं."

"मेल तर रोज येत होता!" दीपेश म्हणाला.

"मेल खरा होता. रोज नेमाने एक वस्तू कपाटात जात होती. कुठली, ते कुणी उघडून बघितलं नाही. जितेश, कधी एक बॅकअप लावून बघितलात?"

"गरजच नाही पडली," जितेश म्हणाला.

"शेठ, तुमच्या हॉलमधलंच सांगते. केळीच्या पानावर नैवेद्य वाढला. तुम्ही म्हणालात, हे मोडायचं नाही. मग त्याच्यावर दुसरं पान ठेवलं आणि त्या दिवसापासून सगळी पंगत वरच्या पानावर वाढली. मुहूर्त साठवला म्हणजे हेच झालं. खालचं दसऱ्याला थांबलं. नंतरचं प्रत्येक बुकिंग वरच्या वेगळ्या फाइलमध्ये. आणि हे साहेब रोज रात्री खालचं पान उचलून कपाटात ठेवत होते."

काळूरामशेठनी तीन टिळ्यांकडे बघितलं.

"वरचं पान वाढत गेलं," सुमेधा म्हणाली, "म्हणून दिवाळीपासून मशीन हळू. शेवटी जागा संपली. तेव्हा जितेश आले आणि त्यांनी जागा केली. कशातून केली, जितेश?"

जितेशने पेन ड्राइव्ह पट्ट्यावरून काढला, परत लावला.

"एक फाइल खूप मोठी झालेली. मला वाटलं बॅकअप आहेच... डिलीट केली. मग मशीन उभं केलं आणि दसरा दिसला. तेव्हा कळलं."

"आणि मग संजना सुचली?"

"माझी नोकरी गेली असती, मॅडम."

"माझी गेली असती ती चालली असती?" संजना म्हणाली. "लग्नाला तुझ्या अख्ख्या घराला बोलावलं होतं रे! आता तू पंगतीत वाढायला उभा राहायचं. पहिल्या पंगतीपासून."

काळूरामशेठनी डब्यावरची वाळलेली माळ सरळ केली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे चोरी झालीच नाय?"

"मे महिना जितेशने पुसला. बाकी सगळं पूजेत झालं."

"याने मला सांगायला नको?"

"दिवाळीत सांगितलं होतं, शेठ," जितेश खाली बघत म्हणाला, "की हे फार दिवस ठेवू नये, काढतो. तुम्ही म्हणालात, पूजेतलं काढायचं नाय."

हे शेठना आठवलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. "पोरी, तू उद्यापासून ये."

"मी आजच आलेय," संजना म्हणाली. "दारावर बोर्ड लावते, ज्यांचं बुकिंग आहे त्यांनी पावती घेऊन या. लग्न आहे त्यांचं. धावत येतील."

"नि तो साठवलेला मुहूर्त काढून टाक रे," शेठ जितेशला म्हणाले. मग सुमेधाकडे वळले. "बाई, काढायला दिवस कुठला चांगला?"

"आजचा."

"आज शुक्रवार नि वर अमावास्या."

"शेठ!" सगळे एकदम म्हणाले.

जितेशने मुहूर्त काढला. संजनाने मशीनसमोर बसून पहिलं बुकिंग टाकलं, स्वतःचं. मग जितेशने सगळ्यांच्या देखत बॅकअप नव्याने लावला आणि तो ताजंच पान उचलतोय ना, हे सुमेधाने दोनदा विचारून घेतलं. पहिला बॅकअप त्याच रात्री व्हायचा होता.

त्या रात्री नंदाखालला लाइट नव्हती.