ओहोटीच्या आधी पाऊण तास

पहिल्या भेटीतच मी त्याला चिखलातून उपटून काढलं. टेकडीवरच्या हॉटेलचा नवा आचारी, आमची कालवं स्वतः निवडायला आला होता — आणि तोही चकचकीत बूट घालून. घोट्यापर्यंत रुतला तरी म्हणतो कसा, "मदत नको, जमेल मला."

"जमेल हो. भरती आली की आपोआप तरंगत वर याल," मी म्हटलं आणि दंडाला धरून ओढलं.

आमची कालवं खाडीतल्या लाकडी मांडण्यांवर, जाळीच्या पिशव्यांत वाढतात. ओहोटीला मांडण्या उघड्या पडल्या की बाबा आणि मी एकेक पिशवी हलवून उलटतो, नाहीतर शिंपले एकमेकांना चिकटून बसतात. ही ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. तेवढं काही त्याच्या डोक्यात शिरेना. रोज आपला कालच्याच वेळेला हजर... मग पाणी उतरेपर्यंत शेडच्या पायरीवर बसायचा, मी शेजारी फाटक्या पिशव्या शिवायची. कठीण होतं बाई त्याचं.

एक दिवस त्याच्या खिशातून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पडलं. पानोपानी खुणा केलेल्या.

"म्हणजे... तुम्हाला वेळ माहीत होती?"

"पहिल्या आठवड्यापासून." त्याचे कान लाल झाले. "वेळेवर आलो तर तुम्ही कामात असता."

मला हसू आवरेना. त्या दिवशी आमचं अहो-जाहो सुटलं.

आणि गेल्या आठवड्यात त्याला मोठ्या शहरातून बोलावणं आलं. "चल ना माझ्याबरोबर," तो म्हणाला. बाबांची पाठ धरलेली, नुकतंच सोडलेलं कालवांचं बी दोन वर्षं जपायचं... आणि खरं सांगू? हे काम माझा जीव की प्राण आहे. चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

आज गुडघाभर पाण्यात तो समोर येऊन उभा राहिला.

"मी येणार नाही," मी म्हटलं. "पण तू जाऊ नयेस असं वाटतं मला. फार वाटतं... आवडतोस तू मला."

"नाही म्हणून परवाच कळवलंय मी त्यांना."

"मग माझा जीव टांगणीला का लावलास?"

"इथे जन्म काढायचा तर कुणीतरी 'राहा' म्हणायला हवं ना."

पलीकडच्या मांडणीवरून बाबांचा आवाज आला, "म्हटलं ना तिने? मग पिशवीचं दुसरं टोक धरा जावईबापू, पाणी चढतंय."

त्याने आधी माझा हात धरला, मग पिशवी.