तिसरा काप

दगड पातळ कापण्यात त्यांचा हात धरणारा प्रयोगशाळेत कुणी नव्हता. एकतीस वर्षांत एकाही कापावर बोट उमटलं नाही, म्हणून सगळे त्यांना बिनडागकाका म्हणत. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. आता तेवढं नाव राखलं की गंगेत घोडं न्हालं!

शेवटचं काम चंद्रावरच्या दगडाचं. पांढरट, सुपारीएवढा. काचेवर चिकटवून, उजेड आरपार जाईपर्यंत घासायचा.

"चंद्र आधी नुसता तापलेला रस होता, काका," संशोधक बाई म्हणाल्या. "हलके स्फटिक तरंगून वर आले, त्यांची साय धरली. मग खालून नवे चिकटत गेले. म्हणजे वरचा थर आधीचा, खालचा नंतरचा. वरून खाली कापत या."

पहिल्या कापात अंगठ्याचा ठसा निघाला.

काका चरकले. हातमोजे तर होते! त्यांनी काच पुसली, काप आणखी घासला. ठसा हलेना. तो स्फटिकाच्या आत होता. स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरून पाहिला, तर रेघ न् रेघ तीच. एकतीस वर्षांवर पाणी पडणार, या विचाराने त्यांना घाम फुटला.

दुसऱ्या कापातही तोच ठसा, पण मधोमध तिरकी चीर होती, टोकाला फाटा फुटलेली.

"अहो, माझ्या अंगठ्याला कुठे चीर आहे?" काका मोठ्याने म्हणाले. जिवात जीव आला. "माझा नाहीच हा!"

"मग कुणाचा?" बाईंनी विचारलं.

अंगठा ताडून दाखवायला काका हातमोजे काढून काच उचलायला गेले. कडेचा टवका उडाला आणि अंगठा कापला.

रक्त धुतल्यावर चीर नीट दिसली. तिरकी. टोकाला फाटा.

काकांनी पट्टी बांधली आणि तिसरा काप घासायला घेतला. दुपारभर घासला.

बाईंनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"स्वच्छ! काका, एक डाग नाही. राखलंत नाव!"

"हा थर दुसऱ्याच्या नंतरचा ना?"

"हो. थोडासाच नंतरचा."

काकांनी पट्टीचा अंगठा मुठीत घट्ट धरला.