किमयाची अर्धी भाकरी

"इथं कोन बसनार हाय का?"

मी मान वर केली. रोह्याच्या एस.टी. स्टँडजवळची गोदूबाईंची खाणावळ, दुपारची गर्दी, बाहेर भाद्रपदातली सर... आणि माझ्या समोरची खुर्ची तेवढी रिकामी. ती रोजच रिकामी असायची. पेणच्या घरी दादा-वहिनींच्या संसारात मी अडचण होऊ लागले, म्हणून इथे येऊन मुलांचा दवाखाना थाटला होता. दिवसभर हातात लोकांची पोरं, आणि जेवायला मी एकटी. माझं अर्धं ताट परत नेताना गोदूबाई रोज करवादायच्या, "काय गो डॉक्टरीन, चिमणीवानी खातेस!"

"बसा," मी म्हटलं.

तो बसला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केस भिजलेले, मांडीवर चारेक वर्षांची गुबगुबीत मुलगी. "किमया, अजून एक... बाबाचा एक..." करत तो तिला भरवत होता. भाकरी झाली, भात झाला, वर गुलाबजाम. पोरगी मात्र पेंगुळली होती. मला राहवलं नाही. हात लांब करून मी तिच्या कपाळाला लावला.

"ताप आहे हिला!"

"येतो आन जातो," तो म्हणाला. "माझी आई बोलते, दृष्ट लागते. अंगानं भरलेली हाय ना..."

"सर्दी, खोकला?"

"नाय."

"लघवी करताना रडते?"

त्याचा हात तिथेच थांबला. पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. त्याचे कान लालबुंद झाले.

"अवो, जेवताना काय इचारता!" आणि मग हळूच— "व्हय. रडते."

"जेवण आवरा. समोरच माझा दवाखाना आहे."

लहान मुलाची लघवी तपासायची म्हणजे आधी ती मिळवायची! स्वच्छ धुऊन-पुसून, थेट निर्जंतुक बाटलीत. किमया पाणी प्यायली, आम्ही नळ सोडला, तिने नळाखाली चप्पल धुतली... पण मुख्य काम काही होईना.

"शूऽऽ करा," मी त्याला म्हटलं. केसपेपरावर त्याने नाव सांगितलं होतं— धनेश.

"तुमच्यासमोर?"

"मग काय गोदूबाईंना बोलावू?"

तो भिंतीकडे तोंड करून इतक्या बारीक आवाजात शूऽऽ करू लागला, की मला हसू फुटलं. मग मीही सुरू केलं. दोन मोठी माणसं मोरीच्या दारात उकिडवी बसून शूऽऽ करतायत, आणि किमया टाळ्या वाजवतेय! त्या वाट पाहण्यातच मला कळलं, की त्याची बायको काविळीने गेली, तो जवळच्या वरसे गावात आईबरोबर राहतो आणि घरात दोघंही फारसं बोलत नाहीत.

बाटली भरली एकदाची. लघवीतले जंतू वाढवून बघणारी, म्हणजे कल्चर करणारी, माझ्या ओळखीची लॅब पेणला. बाटली गार राहिली नाही तर रिपोर्ट चुकतो, म्हणून धनेशने कोळणीकडून बर्फ मागून थर्मासात भरला आणि किमयाला माझ्यापाशी ठेवून भर पावसात मोटरसायकल काढली. तो जाईपर्यंत मी दारात उभी होते. का, ते विचारू नका.

इंजेक्शनं मी त्याच दिवशी सुरू केली. रिपोर्ट आला— मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग. वेळेवर सापडला होता. सोनोग्राफीही ठीक निघाली. ताप उतरला तेव्हा मी दुसरा विषय काढला.

"हिचं वजन उतरवायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. उंची वाढली की आपोआप सडसडीत होईल. गोड दुधाची बाटली बंद, बिस्किटं बंद. भाकरी अर्धी, भाजी जास्त, आणि रोज नदीपर्यंत चालवा."

"आई नाय तिला," तो एकदम उसळला. "खायला पन नाय म्हनू?"

मला राग नाही आला. "जेवते कोणाबरोबर?"

"...टीव्हीबरोबर. मी शिफ्टला असतो."

"एकटं जेवू देऊ नका तिला. एकट्या माणसाला किती खावं तेच कळत नाही."

"आन तुमी? कोनाबरोबर जेवता?"

"मी पेशंट नाही," मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. या खेपेला कान माझे तापले होते.

मग दर महिन्याला तपासणी. तीच बाटली, तोच बर्फ, तेच शूऽऽ. त्या दिवशी मी मुद्दाम मोरपंखी ओढणी घ्यायची. "आज ओढनी नवीन?" तो विचारायचा. "जुनीच आहे," मी म्हणायची. बाकीचा महिना मात्र सरता सरत नसे.

उन्हाळ्यात एक दिवस हातातला रिपोर्ट मी दोनदा वाचला. पुन्हा स्वच्छ. वजन होतं तिथेच, उंची वाढलेली, फ्रॉक आखूड झालेला. अजून एकदा बघू या, असं म्हटलं असतं तर तो मुकाट्याने आला असता. शब्द अगदी ओठांवर होते... पण बऱ्या झालेल्या पोरीला माझ्यासाठी आजारी ठेवू?

"आता यायची गरज नाही," मी म्हटलं.

"अजिबात नाय?"

"नाही."

तो उठला, किमयाला उचललं आणि गेला. मी नळ उगाचच चालू करून मोरीच्या दारात बसले. रडले म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी खाणावळीत ताटातला भात चिवडत होते.

"इथं कोन बसनार हाय का?"

मी मान वर करायला घाबरले. किमया तोवर खुर्चीवर चढलीसुद्धा.

"तुम्ही... आता काय होतंय हिला?"

"हिला काय नाय. मला करमत नाय." त्याने घाम पुसला. "तुमची जात मोठी, शिक्षन मोठं. घरी बोलतील, गावात बोलतील. तरी इचारतो... एकटं जेवू देऊ नका, तुमीच बोललात ना?"

इतक्यात गोदूबाईंनी वाढलेली भाकरी किमयाने मोडली, अर्धी स्वतःपुढे ठेवली आणि उरलेली अर्धी माझ्या ताटात टाकली.

"मला अर्धीच," ती म्हणाली. "ही तुझी."

मी ती खाल्ली. हळूहळू, सगळी. समोर दोघं जेवत होते, आणि मधून मधून धनेश माझ्याकडे बघत होता... उत्तरासाठी.

गोदूबाई ताट उचलायला आल्या आणि थबकल्या. ताटात काही उरलंच नव्हतं.

"अजून वाढू गो?"

"वाढा," मी धनेशकडे बघत म्हटलं. "आणि उद्यापासून या टेबलावर तीन ताटं लावा."