लाटेची काच

तिसगावच्या बाजारात बरोब्बर मोनिकाच्या बांगड्यांच्या दुकानापुढंच कांद्याचा टेम्पो बंद पडावा, याला आता काय म्हणायचं! ड्रायव्हर पाणी मागायला आला. तोंड पुसायला त्यानं खिशातून रुमाल ओढला, तसा एक हिरवा तुकडा फळीवर पडला.

मोनिकानं तो उचलून पाहिला. होती काचच, पण ना चकाकी, ना धार.

"ही अशी आंधळी कशानं झाली?"

"समुद्रानं," ड्रायव्हर गहिनीनाथ म्हणाला. "दापोलीला कांदा पोचवतो मी, तिथं घावली. फुटकी बाटली असंल कुणाची. लाटा वीस-तीस वर्षं वाळूत लोळवतात, खारं पानी वरनं खात ऱ्हातं... मग अशी हुती."

"वीस-तीस वर्षं? लई दमाचं काम हाय."

"ऱ्हाऊ द्या तुमालाच," तो तिच्याकडं बघत म्हणाला. "मी आनखी आनीन."

आणली की! दर पंधरवड्याला एक. घरची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, ती थेट चैत्रात परत. मागं राहायची एकटी मोनिका, दुकान सांभाळायला. एकटीपुरती भाकरी थापताना तिला रडू यायचं, खोटं कशाला बोला. मग ती तुकडे घेऊन बसायची. एकावर बारीक खड्डे जास्त, एक कोपऱ्याला जाड, एकासारखा दुसरा नाही.

माघात त्यानं तीन निळे तुकडे आणले. तिन्ही सारखेच गुळगुळीत, सारखेच धुरकट. काचेत जन्म गेलेल्या पोरीला कोण फसवणार?

"ह्या लाटेच्या न्हाईत. मशीनीत घोळलेल्या हायत."

गहिनीनाथनं मान खाली घातली.

"जवळच्या संपल्या, मग मोबाईलवरनं मागवल्या. मालकानं दापोली बंद केली... दीड महिना झाला. आता नाशकाला जातो. तिसगाव वाटंत लागत न्हाई."

"मग येता कसं?"

"वाकडी वाट करून. पन रिकाम्या हातानं कसं यावं – तुमी काय म्हनाल..."

मोनिकाला वाटलं, चोरी पकडली, आता हा लाजून येणंच सोडणार. दर दिवाळीला आई निघायची तेव्हाही तिला 'थांब' म्हणावंसं वाटायचं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही.

"चुकलं माझं," तो उठत म्हणाला. "निघतो."

"जा म्हनलं का मी?" या खेपेला शब्द फुटला. "बघा की दुकानात, वरपासनं खालपर्यंत काचच हाय. मला काच कशाला लागतीय? मानूस लागतंय."

बोलून गेली नि कानापर्यंत लाल झाली. गहिनीनाथ बाहेर गेला, टेम्पो लिंबाच्या सावलीला लावला आणि परत येऊन तिच्यासमोर बसला.

"घरचे आले की मागनी घालायला आईला घिऊन येतो," तो म्हणाला. "चालंल?"

"चैत्राला अजून दोन महिने हायत."

"तवर नुसताच येत जाईन."