पोस्टकार्डाएवढी फट

रोज सकाळी साडेआठला शर्मिला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजचं शटर वर करायची, वडिलांना, आबांना, खुर्चीवर बसवायची आणि त्यांची जुनी डुक्कर फियाट मोटार सुरू करायची. मग हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात द्यायची. आबा उठायचे, त्याचं टोक इंजिनाच्या हेडवर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "शमे, तिसऱ्याचा टॅपेट बघ की गं."

दिवसभरात त्यांच्या तोंडी तिचं नाव यायचं ते तेवढंच. इंजिन बंद झालं की ती पुन्हा परकी बाई व्हायची आणि ते तिला अहो-जाहो करायचे. आबांची, म्हणजे रंगराव मिस्त्रींची, स्मृती जायला लागून चार वर्षं झाली होती. आधी बायकोचा चेहरा गेला, मग घराची वाट गेली. कान तेवढे शाबूत होते. त्या दहा मिनिटांसाठी शर्मिला बाकीचा दिवस काढायची.

पेट्रोलच्या गाड्यांना रस्त्यावर बंदी येऊन आता नऊ वर्षं झाली होती. उरलेल्या जुन्या गाड्यांना वारसा-दाखला मिळवायचा, नाहीतर दाबयंत्राखाली जायचं, असा नवा कायदा आला. तपासणीला वाहन-संग्रहालयाचे नेर्लेकर आले. तिशीतला, गाड्यांच्या प्रेमात पडलेला माणूस. त्यांनी पानाच्या डब्याएवढं श्रुतियंत्र बॉनेटवर ठेवलं. चालत्या इंजिनाचा आवाज ऐकून आतला प्रत्येक भाग कुठे घडला आणि किती झिजला, हे ते यंत्र सांगायचं.

"युद्धानंतर युरोपात पेट्रोल महाग, गल्ल्या अरुंद आणि खिसे रिकामे," यंत्र ऐकत होतं तोवर नेर्लेकर सांगू लागले. "म्हणून इटलीत पाचशे सीसीचं इवलं इंजिन गाडीच्या मागे टाकलं. इंग्रजांनी तर इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटातच घातला. ही त्यांची थोरली बहीण. एक हजार एकोणनव्वद सीसी, चार सिलिंडर."

यंत्राला मात्र बहीण ओळखू आली नाही. मूळ भाग फक्त एकोणतीस टक्के. पिस्टन इथल्याच फाउंड्रीत ओतलेले, व्हॉल्व्ह शेतीपंपाच्या इंजिनाचे घासून बसवलेले, एक बेअरिंग तर उसाच्या चरकाचं. शिवाय चारही सिलिंडरचे टॅपेट ढिले. तेही दोषांच्या यादीत गेले.

"ढिले न्हाईत, ठेवलेत," शर्मिला म्हणाली. "आबा म्हणायचे, वाजणारा टॅपेट जळत न्हाई."

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. ती कमी पडली तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि करपतो. भेसळीच्या पेट्रोलचा जमाना पाहिलेले आबा ती फट पुस्तकात दिली होती त्याहून जास्त ठेवायचे. मापाला पोस्टकार्डाची पट्टी. तीही नुसती घालायची, बाकीचं बोटांनी ठरवायचं. इंजिन खडखडायचं, पण पन्नास वर्षांत कधी रस्त्यात बसलं नाही. आता पोस्टकार्डंही बंद झाली होती.

"दाखला नाही मिळायचा, ताई," नेर्लेकर म्हणाले. "पण संग्रहालय मूळ आराखड्याबरहुकूम सगळे भाग धातुछपाईनं बनवून देईल. खर्च आमचा, आणि गाडी तुमच्याकडेच राहील."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! शर्मिलानं सही केली. तिच्या जागी कुणीही केली असती.

तीन आठवड्यांनी गाडी दाखल्यासकट परत आली. शर्मिलानं चावी फिरवली आणि इंजिन लोण्यासारखं मऊ चाललं. आबांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं.

"मशीन झकास हाय," ते म्हणाले. "कुणाची गाडी म्हणायची ही, बाई?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शर्मिलानं नेर्लेकरांना फोन लावला. "जुने भाग कुठं हाईत?"

"वितळवले, ताई. त्यांचीच भुकटी छपाईला वापरतात."

"मग तुमच्या यंत्रातला आवाज तरी द्या. त्या दिवशी ऐकलेला."

"यंत्र दोष मोजतं आणि आवाजातून गाळून टाकतं," ते म्हणाले. "तो खडखडाट त्यानं पुसला. मला वाटलं होतं, मी गाडी वाचवतोय."

शर्मिलाला रडू आलं नाही, संताप आला, आणि तोही स्वतःचाच. आबांच्या हातचं सगळं तिनं स्वतःच्या सहीनं वितळवलं होतं.

टॅपेटच्या झाकणावर संग्रहालयाचं सील होतं. ते तुटलं की दाखला रद्द, आणि उद्या गाडी दाबयंत्राकडे न्यायला ट्रक दारात. तिनं सील तोडलं. पोस्टकार्ड नव्हतं म्हणून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पट्टी कापली. एकेक नट ढिला केला, पट्टी घातली आणि बोटांनी अंदाज घेतला. पण बोटं तिची होती. झाकण लावून तिनं इंजिन सुरू केलं. खडखडाट आला. फार जवळचा आला.

आबांनी मूठ कानाला लावली. त्यांच्या भुवया वर गेल्या. "तिसऱ्याचा..." ते म्हणाले आणि थांबले.

"बोला की आबा. तिसऱ्याचा काय?"

त्यांनी पुन्हा ऐकलं, मान हलवली आणि स्क्रू-ड्रायव्हर हळूच तिच्या हातात दिला. परक्या बाईला समजावतात तशा अदबीनं ते म्हणाले, "तुमच्यानं न्हाई व्हायचं हे, बाई. ह्या गाडीचा जुना मिस्त्री असंल की कुणीतरी. त्येला बोलवा. कुठं असतोय त्यो?"