पुढे गेलेली गाडी

वाशीम मागे पडलं तशी करुणा मनातल्या मनात परीक्षण जुळवायला लागली. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ती गाड्यांवर लिहायची, आणि बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं म्हणणाऱ्यांना दर आठवड्याला खोटं पाडायची. या खेपेची गाडी जर्मन होती. अंगानं आटोपशीर, ऐट मात्र मोठ्या गाड्यांची, रंग गडद तांबूस. दोन हजार नऊच्या त्या हिवाळ्यात कंपनीनं सगळ्या विदर्भ-मराठवाड्यात फिरवायला अशी एकच गाडी दिली होती. स्टिअरिंग हलकं, पण खोटं बोलत नाही. सस्पेन्शन जरा ताठ, खड्डा लपवत नाही आणि कुरकुरही करत नाही. इंजिन सुरुवातीला आळशी, एकदा जागं झालं की आवरत नाही.

तिला एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. कळमनुरीत तिचे वडील होते, अमृतराव, निवृत्त हेडमास्तर. हृदयाची झडप निकामी होत आलेली, आणि हा माणूस ऑपरेशनचं नाव काढलं की पेपर उघडून बसायचा. शेवटी परवा फोनवर म्हणाले, "तू सोता येऊन नेशील तर येतो." आज संध्याकाळपर्यंत त्यांना नांदेडच्या दवाखान्यात दाखल करायचं होतं. आता चालढकल केली तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

कनेरगाव नाक्यावर ती चहाला थांबली. धाब्याचा मालक संतराम जुन्या ओळखीचा. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काहून परत आल्या, ताई? काई राह्यलं का?"

"परत कुठली? आत्ता तर येतेय."

"आत्ताच चहा पिऊन गेल्या की. ह्याच गाडीत."

त्यानं बाकावरच्या ग्लासाकडे बोट केलं. तळाला घोटभर चहा ठेवायची खोड करुणाचीच होती. तिनं हसून सोडून दिलं. कंपनीनं थाप मारली, दुसऱ्याही कुण्या पेपरच्या बाईला अशीच गाडी दिली, एवढाच अर्थ तिनं काढला आणि हिंगोलीपर्यंत कंपनीवर चिडत राहिली.

हिंगोलीच्या पंपावरचा माणूस नळी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"म्याडम, टाकी तर आत्ता फुल केली तुमी."

"मी?"

"व्हय. लई घाईत होत्या. वडलाला न्यायचंय म्हणल्या."

डिझेलचा काटा तळाला टेकायच्या बेतात होता. करुणानं तो त्याला दाखवला, तेव्हा त्यानं नळी टाकीत घातली. तिनं घरी फोन लावला, घंटा वाजत राहिली. बाबांचा मोबाईल लागेना.

आता ती गाडी पळवायला लागली. शंभराच्या पुढेही बॉडी डुलत नव्हती, ब्रेक मऊ आणि नेमके होते. एरवी या दोन ओळी तिनं खुशीत लिहिल्या असत्या.

कळमनुरीच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. कच्चा वळणरस्ता काळ्या मातीचा, टँकरनं पाणी मारलेला. त्या चिखलात रुंद टायरांच्या ताज्या खुणा होत्या. तिची चाकं बरोबर त्या खुणांत बसली आणि स्टिअरिंग हातात आपोआप फिरायला लागलं. प्रत्येक खड्डा तिनं जसा चुकवला असता, तसाच चुकत गेला.

करुणाला भीती वाटली. स्वतःसाठी नाही, बाबांसाठी.

घरासमोर तिची आई, चांगुणाबाई, ओट्यावर तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय इसरलं गं?"

"आई, बाबा कुठं आहेत?"

"गाडीत न्हाईत का?"

"आई, मी आत्ता येतेय."

सूप थांबलं.

"तूच तर नेलं ना. हात धरून बसवलंस. डबा घे म्हणलं, तर थांबली न्हाईस."

"ती मी होते? नीट पाहिलंस?"

"माझ्या लेकराला मी वळखत न्हाई व्हय?" चांगुणाबाईनं आता तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ पाहत राहिली.

करुणानं पुन्हा मोबाईल लावला. या वेळी लागला.

"जयभीम. कोण बोलतंय?" बाबांचा आवाज खुशीत होता.

"बाबा, मी करुणा. गाडी थांबवायला सांगा. उतरा तिथंच."



"करुणा तर हितं गाडी चालवून राहिली. कोण हाय तुमी?"

"बाबा, मी..."

पण त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला होता. ते शेजारी बोलत होते.

"काहून वळलीस गं? नांदेड तर सरळ हाय."

त्यावर करुणाचाच आवाज, अगदी मायेनं, म्हणाला, "पट्टा सोडा बाबा. आलं आपलं."