लूडर्सची पेन्सिल

चहा संपव, उत्कर्ष. शमिका, तो मोठा दिवा बंद कर गं, डोळ्यांवर येतो. खिडकीतली मेणबत्ती पुरे. पावणेबारा वाजलेत, मला ठाऊक आहे, पण आज तुम्हाला लवकर सोडत नाही. सोमवारी तू त्या कामावर रुजू होणार म्हणतोस. बड्या लोकांच्या खासगी विमानांचं इंटिरिअर. छान आहे. मीही तेवीस वर्षं तेच केलं, त्या विमानांतले दिवे जोडले. म्हणूनच सांगतो. गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसाची आहे, ऐकीव नाही.

सुरुवात अगदी साध्या कामाची. पाणी भरण्याची.

हॅम्बर्गच्या हिवाळ्यात हँगर तापवला की आतली हवा कोरडी पडते आणि लाकूड तडकतं. म्हणून तयार केबिनमध्ये ह्युमिडिफायर ठेवतात. रोज रात्री जायचं, टाकी भरायची, घरी यायचं. दहा मिनिटांचं काम. २०२२च्या नोव्हेंबरात ते सत्यजितकडे होतं. सत्यजित पुण्याचा इंजिनीअर, माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचा. हसरा, गोडबोल्या. बायको मुक्ता, दोन वर्षांची मुलगी. नोकरी तात्पुरती. एक डिसेंबरला कॉन्ट्रॅक्ट पक्का व्हायचा होता, आणि व्हिसा त्याच्यावर लटकलेला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही त्यातूनच गेलात.

आता लाकडाचं ऐक. विमानाच्या भिंतींना अक्रोडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे लावतात. अख्ख्या केबिनला एकाच झाडाचे. प्रत्येकावर नंबर. पुढच्या सोफ्यापासून मागच्या बेडरूमपर्यंत रेषेला रेष जुळली पाहिजे. त्यातले चार खराब झाले तर दुसरे आणायचे कुठून? ते झाड तर केव्हाच संपलेलं.

आमच्याकडे हे काम लूडर्स करायचा. सगळे त्याला 'हेर लूडर्स' म्हणायचे, म्हणजे लूडर्ससाहेब. एकसष्ट वर्षांचा, एकतीस वर्षं तिथेच. कानावर पेन्सिल. पापुद्रा चिकटवला की दोन बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जायचा. टक, टक, टक. आत हवा राहिली असेल तर आवाज बदलतो. तिथे तो पेन्सिलने वर्तुळ काढायचा. वर्तुळ म्हणजे संशय. मग थोडे दिवस वाट बघायचा आणि परत ठोकायचा. तरीही पोकळच वाजलं, तर वर्तुळात फुली. फुली म्हणजे कापून काढा.

सप्टेंबरात एका शुक्रवारी लाकडाच्या खोलीतला ह्युमिडिफायर सारखा पिंपिं करत होता. सत्यजितला घरी जायची घाई. त्याने बटण बंद केलं आणि विसरला. सोमवारी पापुद्रे पापडासारखे तडकलेले. तेहतीस नंबरपासून पुढचे सगळे.

चूक कुणाच्याही हातून होते रे. पण त्याने रिपोर्टमध्ये लिहिलं, लूडर्स दार उघडं टाकून गेला. वर हेही लिहिलं, की लूडर्सच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

एकतीस वर्षं काम केलेला माणूस एका दुपारी घरी. बॉसने एवढं केलं, की यापुढे रात्रीचं पाणी इंजिनीअरनेच भरायचं म्हणाला. गेटवर लूडर्स सत्यजितसमोर थांबला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. दोन पेरांनी त्याची छाती ठोकली. टक, टक. आणि म्हणाला, "होल." पोकळ. मी तिथेच उभा होतो.

दोन नोव्हेंबरला लूडर्स गेला. हाय खाऊन गेला, दुसरं काही नाही. तळघरातल्या वर्कबेंचपाशी सापडला. पेन्सिल मात्र कानावर नव्हती.

चार दिवसांनी सत्यजित माझ्याकडे आला आणि शर्टाची बटणं काढली. डाव्या छातीवर पेन्सिलचं वर्तुळ, नाण्याएवढं. साबणाने जात नव्हतं. मी हसलो. म्हटलं, मुलीने रंगवलं असेल. तेव्हा तो रडायला लागला आणि त्याने सगळं सांगितलं. बटण, रिपोर्ट, दारूचं खोटं.

"काका, उद्या बॉसला सांगून टाकू?"

मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "वेडा आहेस का? एक तारीख होऊ दे. कॉन्ट्रॅक्ट हातात पडला की सांग. मेलेल्या माणसाला काय घाई आहे?"

हो. मी म्हणालो असं.

चोवीस नोव्हेंबर, गुरुवार. रात्री अकरा वीसला त्याचा फोन आला. "काका, मी पाणी भरायला आलोय. फोनवर राहा ना जरा. आज बरं वाटत नाहीये." मी म्हटलं, राहतो. बुटांवर पिशव्या चढवल्याचा आवाज आला. शिडी. दार. पाण्याची धार. मुलीच्या खोकल्याबद्दल बोलत होता.

मग थांबला.

"काका, हँगरमध्ये कुणी आहे का?"

"वॉचमन असेल."

"नाही. आवाज भिंतीतून येतोय."

भिंत आणि विमानाचा पत्रा यांच्यात चार बोटं जागा असते. त्यात इन्सुलेशन ठासून भरलेलं. तिथे उंदीरही मावत नाही. मी ते सांगणार, तोच मला ऐकू आलं.

टक. टक. टक.

फोनमधून. स्पष्ट. पुढच्या सोफ्याकडून सुरू झालं. सावकाश. एकेक पॅनल. जसा तो चालायचा तसं.

"बाहेर पड," मी ओरडलो.

"दार सरकत नाहीये, काका."

टक. टक. जवळ आलं. बेडरूमच्या भिंतीत. तिथे परक्या झाडाचा पापुद्रा लावलेला होता... न जुळणारा.

तिथे थांबलं.

"सत्यजित?"

फक्त श्वास ऐकू येत होता.

"हेर लूडर्स," तो जर्मनमध्ये म्हणाला, "मी सांगतो. एक तारखेला नक्की सांगतो. फक्त सात दिवस..."

मग पुन्हा ठोकलं. दोनदा. पण आवाज लाकडाचा नव्हता. मऊ होता. कापडावरून, हाडावर.

आणि नंतर... पेन्सिल ओढल्याचा. एक रेघ.

मग दुसरी.

पोलिसांना फोन केला, वॉचमनला केला. ते पोहोचले तेव्हा दार हलक्या हाताने सरकलं. सत्यजित पलंगाच्या कडेला बसलेला होता. हातमोजे घातलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. छत्तीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. आंघोळ घालताना मुक्ताने मला बाजूला घेतलं. "काका, ह्यांच्या छातीवर ही पेन्सिल कुणी मारली?" वर्तुळात फुली होती. मी म्हटलं, हॉस्पिटलवाल्यांची खूण असेल.

परवा सोमवारी तीन वर्षं होतील.

तुला वाटलं, संपली गोष्ट? संपली असती तर आज कशाला सांगितली असती? इतकी वर्षं सांगितली का कधी?

गेल्या रविवारी फेरीबोटीवर लूडर्सची मुलगी भेटली. शेजारी येऊन बसली. म्हणाली, "हेर श्रीधर, बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, दार मी उघडं टाकलं नाही, मी प्यायलो नव्हतो. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला काही माहीत आहे का?" डोळे भरलेले होते तिचे. मी नदीकडे बघत म्हणालो, "नाही." सत्यजितची मुलगी आता पाच वर्षांची आहे, तिच्या बापाचं नाव कशाला काढा, असं मनाशी म्हटलं. खरं सांगू? मला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी सकाळी दाढी करताना आरशात दिसलं. डाव्या बाजूला.

अरे, असे बघू नका. उद्या टोटनझोनटाग. सगळे जर्मन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. लूडर्सची मुलगी ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत येईल. तिथेच गाठतो आणि सगळं सांगतो. आत्ता फोन? शमिका, जर्मन माणसाला रात्री बारा वाजता फोन करतं का कुणी? उद्या. नक्की उद्या.

उत्कर्ष, मोबाइलचा दिवा इकडे धर. थांब, बटण काढतो. वर्तुळ दिसतंय ना? नाण्याएवढं. सहा दिवस झाले, तसंच आहे.

काय म्हणालास?

रेघ? कसली रेघ?

नीट बघ रे. संध्याकाळी नव्हती.